परीक्षा शिकविण्याची कीं जन्मभूमीची?

संगणकाच्या पडद्यावरून परदेशच्या मुलांना घरबसल्या इंग्रजी शिकविण्याचा एक नवा व्यवसाय गेल्या दहा-पंधरा वर्षांत उदयास आला आहे. आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचें लक्ष त्याकडे जाणें साहजिक आहे. म्हणून या नोकरीसाठीं जी मुलाखत होते, तिच्याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या मुलाखतींत उमेदवारास बहुधा एक छोटा नमुनापाठ द्यावा लागतो. परीक्षक स्वतःच लहान मुलाचें सोंग घेतो. मुद्दाम चुकतो, मध्येंच गप्प बसतो. अशा वेळीं उमेदवार स्वतःच बोलत सुटतो कीं मुलास बोलतें करतो, शब्दाचा अर्थ हावभावांनीं व चित्रांनीं पटवितो कीं नुसती व्याख्या घोकवितो, हें पाहिलें जातें. ही पद्धत आमच्या मतें उत्तम आहे. शिकविण्याची पारख शिकवूनच व्हावयाची.

परंतु खेदाची गोष्ट ही कीं, पुष्कळांस या पाठापर्यंत पोहोंचूंच दिलें जात नाहीं. ठराविक देशांचें पारपत्र नसेल तर अर्ज दारांतच अडतो. बीजिंग येथें २०१३ सालीं निघालेल्या व्हीआयपीकिड या संस्थेनें आपले शिक्षक मुख्यतः अमेरिका व कॅनडा येथूनच घेतले. उलट, चीनमध्येंच निघालेल्या फिफ्टीवनटॉक या संस्थेनें फिलिपाइन्समधील हजारों शिक्षक नेमले, आणि पालकांनीं त्यांच्याकडेहि आपलीं मुलें सोंपविलीं.

इंग्रजी ज्याची मातृभाषा, तोच तिचा आदर्श शिक्षक, ही समजूत जुनी आहे. १९६१ सालीं युगांडांतील मकेरेरे येथें भरलेल्या परिषदेनें तिला बळ दिलें. रॉबर्ट फिलिपसन यांनीं १९९२ सालच्या आपल्या ग्रंथांत तिला भ्रम ठरविलें. आम्हांसहि तो भ्रमच वाटतो. ज्यानें भाषा कष्टानें मिळविली, त्यास वाटेंतील खांचखळगे ठाऊक असतात. इंग्रजींतील 'ए' व 'दि' यांसारखीं उपपदें मराठींत नाहींत, तशीं चिनी व जपानी भाषांतहि नाहींत. चिनी बालक तेथें कां अडखळतें, हें मराठी शिक्षकास आपल्या बालपणावरूनच कळतें.

कोणी म्हणतील, पैसे पालक देतात. त्यांना शुद्ध उच्चार हवा. मान्य आहे. पण उच्चार कानानें पारखावा, पारपत्र पाहून नव्हे.

आमच्या विद्यार्थ्यांसहि सांगणें आहे. परक्या उच्चाराची खोटी नक्कल करूं नका; स्पष्ट व सावकाश बोला. पाठाच्या तयारीचा मोबदला मिळतो काय, पाठ ऐन वेळीं रद्द झाल्यास काय, हें विनयानें पण निःसंकोच विचारा. जुलै २०२१ मध्यें चीन सरकारनें परदेशस्थ शिक्षकांकडून असे वर्ग चालविण्यास बंदी केली, तेव्हां कित्येकांचें उत्पन्न थोड्याच महिन्यांत थांबलें. मुलाखत ही दोन्ही पक्षांची परीक्षा असते; उमेदवारानेंहि परीक्षकाची घ्यावी.