परक्या मासळीचा प्रश्न पाण्याइतकाच पोटाचा

भीमा नदीवरील उजनी जलाशयात जाळे टाकले तर हाती प्रामुख्याने चिलापी लागते. तिलापिया या नावाने ओळखली जाणारी ही आफ्रिकी मासळी भारतात १९५२ साली आली आणि १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर निर्बंधही आले. उजनी धरण पूर्ण झाले ते १९८० मध्ये. कागदावरील बंदी पाण्यात कितपत उतरते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

चिलापीच्या यशाचे कारण तिच्या प्रजननात आहे. कटला आणि रोहू यांना अंडी घालण्यासाठी वाहते पाणी लागते. त्यामुळे जलाशयात त्यांचे बीज पुन्हा पुन्हा सोडावे लागते. चिलापी साचलेल्या पाण्यातच वर्षातून अनेकदा वाढते आणि मादी अंडी तोंडात सांभाळते. स्थानिक मासे मागे पडतात, हे खरे. पण बीजाचा खर्च न करता रोज हाती येणारी ही मासळी आज भिगवणच्या बाजाराचा आणि किनाऱ्यावरील असंख्य कुटुंबांचा आधार आहे. ती हटवा म्हणणे सोपे, त्या कुटुंबांनी दुसऱ्या दिवशी काय विकावे हे सांगणे अवघड.

आफ्रिकी मागुराची कथा वेगळी. त्यावर २००० पासून बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ती उचलून धरली आणि महाराष्ट्रात तळ्यांतील साठे नष्टही करण्यात आले. मात्र कमी प्राणवायूच्या पाण्यात तगणारा आणि झपाट्याने वाढणारा हा मासा कर्जात बुडालेल्या तळेमालकाला मोह घालतो. सकर माशाला तर गिऱ्हाईकच नाही. घरातील काचेच्या टाकीतून नदीत सोडलेला हा मासा जाळी फाडतो. हौस एकाची, भुर्दंड दुसऱ्याला.

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने परकीय आक्रमक प्रजातींची आयात, व्यापार व बाळगणे रोखण्याचा अधिकार केंद्राला दिला. पण तेथे 'परकीय' म्हणजे भारताबाहेरील. कटला-रोहू मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. भीमेला तेही पाहुणेच. म्हणजे कोणता मासा आपला, हे शास्त्राइतकेच बाजारही ठरवतो.

म्हणून तिन्ही माशांना एकच दंडुका चालणार नाही. सकरबाबत शोभिवंत माशांचे विक्रेते व ग्राहक यांना जबाबदार धरावे. मागूर सोडणाऱ्याला पर्यायी बीज व मुदत मिळावी. चिलापीबाबत मच्छीमार संस्थांना निर्णयात बसवावे. चढणीच्या माशांची वाट पाहणाऱ्या गोव्यानेही हा धडा वेळीच घ्यावा, कारण परका मासा एकदा नदीत रुळला की त्याला परत पाठवण्याची वाट उरत नाही.