'त्याचं पुढे काय?'

मुलगा मेडिकलला गेला की आपण पेढे वाटतो. कॉम्प्युटर सायन्सला गेला की निदान तोंडभर अभिनंदन करतो. पण कुणाची मुलगी पोलिटिकल सायन्समध्ये पीएच.डी. करते आहे आणि तिला अमेरिकन राजकीय विचार शिकवण्याची फेलोशिप मिळाली आहे असं कळलं, की चेहरे पडतात आणि हमखास प्रश्न येतो, "बरं, पण त्याचं पुढे काय?" आमच्या घरी हीच बातमी आल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की उत्तर एकदाचं स्मरणिकेतच द्यावं म्हणतो.

आधी ही फेलोशिप म्हणजे काय ते सांगतो, कारण अनेकांना ती बापाच्या पैशांवरची चैन वाटते. तसं नाही. डॉक्टरेट करणाऱ्यांची फी सहसा माफ असते, राहण्याखाण्यापुरतं मानधन मिळतं आणि त्या बदल्यात शिकवावं लागतं. प्राध्यापकांचं मोठं लेक्चर झालं की मुलांचा छोटा गट घेऊन चर्चा चालवायची, ढीगभर निबंध तपासायचे. काही ठिकाणी अख्खा कोर्स स्वतः घ्यायचा. समोर अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. त्यांच्याकडून मॅडिसनचा दहावा फेडरलिस्ट लेख वाचून घ्यायचा: समाजात तट पडणारच, मग एका तटाने बाकीच्यांना चिरडू नये म्हणून काय करायचं? मग फ्रेडरिक डग्लसचं १८५२ चं भाषण, स्वातंत्र्याच्या सोहळ्यात गुलामांचा वाटा कोणता असं श्रोत्यांना तोंडावर विचारणारं. ही काय चैन झाली?

आपल्यापैकी बहुतेकांनी नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी शंभर प्रश्न पाठ केले. २००८ पासूनच्या यादीत एक प्रश्न होता, फेडरलिस्ट पेपर्सच्या एका लेखकाचं नाव सांगा. 'मॅडिसन' म्हटलं की मार्क मिळाला. त्याने लिहिलं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि आपणही वाचलं नाही. शपथ घेतली, फोटो काढला, घरी आलो.

"तो त्यांचा विषय, आपल्याला काय करायचंय?" असंही मला ऐकवलं गेलं. मंडळी, १९२३ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंद अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले होते, तरीही! आधी मिळालेलं नागरिकत्वसुद्धा अनेकांकडून काढून घेतलं गेलं. दार किलकिलं झालं १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर जणांपुरतं. आपण आलो ते १९६५ च्या कायद्यामुळे, आणि तो आला नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात. आपली ग्रीन कार्डं केवळ आपल्या हुशारीची कमाई नाहीत. या देशात 'आपला कोण' यावर झालेल्या भांडणाचंही ते फळ आहे.

ते भांडण संपलेलं नाही. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर इथे जन्मलेल्या बाळाला आपोआप नागरिकत्व नाही. एच-वनवरच्या कितीतरी घरांची झोप उडाली. वाद कोर्टात गेला आणि तिथे उघडली गेली १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि १८९८ चा वोंग किम आर्कचा खटला. त्या दिवसांत आपल्या फोनवर नुसत्या अफवा फिरत होत्या, कारण नीट समजावून सांगणारी माणसं आपण घडवलीच नाहीत.

आणि हा विषय मराठी माणसाला परका कधीपासून झाला? जोतीराव फुल्यांनी टॉमस पेन वाचला आणि १८७३ चं 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. तिथे जॉन ड्यूई त्यांचे गुरू झाले आणि ड्यूईचा विचार १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दिसतो. सयाजीरावांनी 'त्याचं पुढे काय?' एवढंच विचारून हात आखडता घेतला असता तर?

प्राध्यापकाच्या कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे खरं. फेलोशिप संपल्यावर वणवण होऊ शकते आणि आई-बापांची काळजी खोटी नाही. पण हमखास म्हणून निवडलेल्या आपल्या आयटीतही २००१ आणि २००८ साली किती घरं हादरली, ते आठवा. जोखीम सगळीकडे आहे. हिशेब मात्र आपण एकाच बाजूला मागतो.

म्हणून मंडळापुढे दोन मागण्या ठेवतो. एक, आपल्या शिष्यवृत्त्यांपैकी निदान एक राज्यशास्त्र, इतिहास किंवा तत्त्वज्ञान शिकणाऱ्यासाठी राखून ठेवा. दोन, मेडिकल प्रवेशाचं मार्गदर्शन दरवर्षी होतं, तसा एक तास या मुलांनाही द्या. त्यांना स्टेजवर बोलवा आणि चौदावी घटनादुरुस्ती मराठीतून समजावून सांगायला लावा. आपली मराठी मुलं अमेरिकन मुलांना अमेरिका शिकवत आहेत. पेढे वाटायला आणखी काय घडायला हवं?