तक्रार नाही म्हणून रोग नाही?

राज्यातील डॉक्टरांना पदव्या देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकला आहे. याच जिल्ह्यात सुरगाणा-पेठची आदिवासी स्त्री किंवा निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत राबणारी मजूर स्त्री ‘अंगावरून पांढरे जाते’ असे सांगत सरकारी दवाखान्यात गेली, तर तिच्यासाठी शासनाचा परिपाठ ठरलेला आहे : लक्षण ऐकावे आणि त्या लक्षणासाठी नेमलेल्या रंगाचे गोळ्यांचे पाकीट हाती ठेवावे.

प्रयोगशाळा नसलेल्या गरीब देशांसाठी ही पद्धत निघाली. पुरुषाच्या मूत्रमार्गातून पू येतो, तेथे ती बऱ्यापैकी साधते. स्त्रीच्या बाबतीत मात्र ती मुळातच लंगडी आहे. परमा आणि क्लॅमिडिया यांचे जंतू गर्भाशयाच्या मुखाशी दडतात आणि बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. उलट पांढरे जाण्याचे कारण पुष्कळदा दुसरेच, संभोगाशी संबंध नसलेले असते. परिणामी निरोगी स्त्रीच्या माथी गुप्तरोगाचा संशय येतो, घरी मारही बसतो. आणि रोगी स्त्री निरोगी ठरते. पुढे जंतू गर्भनलिकांपर्यंत चढतात, नळ्या बंद होतात आणि गाव तिला वांझ म्हणते. नवऱ्याची तपासणी कोणी करीत नाही, हे सांगणे नकोच!

डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग होते, त्यांतील निम्मे जंतुसंसर्गाचे. 45 टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. पूर्वी तपासणी व उपचार लाभले होते ते अवघ्या 8 टक्क्यांना. ‘बायका लाजतात’ ही सबब सरकारला फार सोयीची आहे. पण गावातच तपासणीची सोय झाली, तेव्हा याच बायका पुढे आल्या.

आज पैशाचे निमित्तही टिकत नाही. स्त्रीने स्वतः आडोशाला घेतलेल्या स्रावाच्या बोळ्यावरून या दोन्ही जंतूंचे निदान होते. क्षयरोगासाठी सरकारने घेतलेल्या जनुकीय तपासणीच्या यंत्रांपैकी काहींवर ही परीक्षा करता येते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2021 साली शक्य तेथे अशाच तपासणीवरून उपचार करण्याची शिफारस केली.

तेव्हा नाशिकच्या कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेला लेखी विचारावे : किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत पडद्याआडचे तपासणीचे टेबल आहे, बोळा पाठवण्याची सोय कोठे आहे आणि नवऱ्याला बोलावून औषध देण्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे?