थोडक्यात, पण नेटकं!

मैत्रिणींनो, घोडे, बंदुका नि धुरळा असलेला सिनेमा लागला की तो ‘ह्यांचा’ आणि मुलांचा, असं समजून आपण स्वयंपाकघराकडे वळतो. पण १९६४ सालचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ पाहायला मिळाला, तर मात्र गॅस बंद करून जरा टेका. काटकसर किती देखणी असू शकते, ते त्यात दिसतं.

दिग्दर्शक सर्जिओ लेओने इटलीचे. हाताशी जेमतेम दोन लाख डॉलर. हॉलीवूडच्या मानाने चिल्लरच म्हणा ना! गोष्ट मेक्सिकोच्या सरहद्दीवरची, पण चित्रीकरण स्पेनमध्ये. आल्मेरियाचा रखरखीत माळ, आणि माद्रिदजवळ आधीच्या सिनेमांसाठी उभा केलेला गावाचा सेट. फिल्मसुद्धा ‘टेक्निस्कोप’ पद्धतीने वापरली. त्यात एका चित्राला नेहमीच्या निम्मीच फिल्म लागते. एका लुगड्यात दोघी पोरींचे परकर बेतावेत, तसलाच हा प्रकार!

नायक क्लिंट ईस्टवुड तेव्हा फक्त टीव्हीमालिकेतून ठाऊक. मानधन १५ हजार डॉलर. काळी जीन, टोपी नि चिरूट त्याने स्वतःच अमेरिकेहून नेले. गंमत म्हणजे स्वतः तो सिगारेटसुद्धा ओढत नाही! अंगावरचा तो घोंगडीसारखा पाँचो पुढच्या दोन्ही चित्रपटांत तोच. संवादही त्याने आपणहून कमी करवले. म्हणून तर त्याचे बारीक केलेले डोळे एवढे बोलतात. समोर खलनायक रामोन म्हणजे जान मारिया व्होलोन्ते, रंगभूमीवर तयार झालेला नट. संगीत एन्निओ मोरिकोने यांचं : शीळ, गिटार, घंटा, चाबकाचा फटकारा. मोठ्या वाद्यवृंदाची उणीव भासत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. कथानक जपानच्या कुरोसावांच्या ‘योजिंबो’ (१९६१) वरून न विचारता उचललेलं. शेजारणीची वस्तू न सांगता आणली की जे होतं, तेच झालं. भरपाई द्यावी लागली, आणि अमेरिकेत हा चित्रपट लागायला १९६७ साल उजाडलं.

आता आपल्या जिव्हाळ्याचं. रामोनने डांबून ठेवलेली मारिसोल. नवरा आणि लहानगा समोरच्याच घरात, पण तिला त्यांच्याजवळ जायची बंदी. तिच्या तोंडी संवाद जवळजवळ नाहीतच; पोराकडे लागलेली तिची नजर मात्र विसरता येत नाही. आणि पैशासाठी दोन्ही बाजूंना झुलवणारा तो अनोळखी स्वार या तिघांना सोडवतो, वर पैसे देऊन वाटेला लावतो. त्याची किंमत म्हणून पुढे बेदम मारही खातो.

मारिसोल झालेली मारियाने कॉख जर्मनीची. सिनेमासाठी तिने डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडलं होतं. दोन मुलांची आई असलेल्या कॉखबाईंनी १९७१ साली, चाळिशीत, अभिनय सोडून तीच पुस्तकं पुन्हा उघडली. डॉक्टर झाल्या आणि १९९७ पर्यंत म्युनिकमध्ये त्यांनी दवाखाना चालवला.

मारहाण बरीच आहे, तेव्हा लहानग्यांना आधी झोपवा. मग घरातले बंदुका मोजत बसोत. तुम्ही मारिसोलचे डोळे पाहा. आणि तुमचं एखादं शिक्षण अर्ध्यावर राहिलं असेल, तर ती ट्रंक एकदा उघडून बघा, बरं का!