कोऱ्या कागदावरचा अंगठा

गोव्यात मोपाच्या पठारावर 11 डिसेंबर 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते विमानतळाचे उद्घाटन झाले. धावपट्टीखालची खडी कोणी पसरली, लोखंड कोणी बांधले, हे विचारायची सवड तेव्हा कोणाला होती? आजही विमानतळाच्या आसपास, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, डिचोलीच्या कारखान्यांत माणसे राबत आहेत. राबताना जो हात गमावतो, त्याच्या हक्काचा पैसा गिळणे ही चोरी आहे, आणि आम्ही तिला चोरीच म्हणणार!

ही चोरी होते कशी? प्रेसखाली बोटे जातात. मुकादम दवाखान्यात नेतो, टाके पडतात. चार दिवसांनी कंत्राटदाराचा माणूस येतो, काही हजारांच्या नोटा उशाखाली सरकवतो, शाबूत हाताचा अंगठा कोऱ्या कागदावर उठवून घेतो आणि गावचे तिकीट काढून देतो. थिवीहून गाडी सुटली की म्हणे प्रकरण मिटले!

मिटले? हिशेब करा. तीस वर्षांचा कामगार, पगार महिना 15,000. भरपाईच्या कायद्याप्रमाणे त्याचे 60 टक्के 9,000. त्याला वयाचा गुणक 207.98. पूर्ण अपंगत्वाची भरपाई होते 18,71,820 रुपये. एक अंगठा तुटला तर कायदा 30 टक्के कमाई बुडाली असे धरतो : 5,61,546 रुपये. एका हाताची चारही बोटे गेली तर निम्मी रक्कम. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, शिवाय निम्म्यापर्यंत दंड. कंत्राटदार पळाला तरी ज्याचे काम चालू होते तो मूळ मालक सुटत नाही. आणि हक्क सोडल्याचा तो कागद? कायद्याच्या लेखी रद्दी!

मात्र ज्याच्या पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) 0.75 टक्के कापले जातात, त्याला भरपाई मालकाकडून नव्हे, या विम्याच्या महामंडळाकडून मिळते : बरा होईपर्यंत मजुरीच्या 90 टक्के, कायमचे अपंगत्व आले तर त्या प्रमाणात आयुष्यभर. कामावरच्या इजेसाठी इतके महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटच नाही. पहिल्या दिवशी हात गेला तरी हक्क शाबूत.

हे कामगाराला ठाऊक का नाही? 1923 च्या भरपाई कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली : कामावर घेतानाच भरपाईचा हक्क कामगाराला समजेल अशा भाषेत लेखी कळवणे मालकाला बंधनकारक. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे कर्तव्य कायम आहे. झारखंड-ओडिशातून आलेल्या, किंवा इथल्याच नागझर-वारखंडच्या पोराच्या हाती असा कागद पडलेला कोणी दाखवावा!

वर जखमी कामगाराला सल्ला मिळतो, ‘दयानंद योजनेचा अर्ज भर.’ संतापजनक! दयानंद योजना ही सरकारी तिजोरीतून निराधाराला मिळणारी मदत. ज्याच्या यंत्राने बोटे खाल्ली त्याचे देणे जनतेच्या माथी का?

पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात बसलेल्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांनी खुर्च्या सोडून फाटकाफाटकावर जावे आणि प्रत्येक कामगाराच्या हाती हक्क कळवणारा तो कागद आहे की नाही ते तपासावे. नसेल तिथे खटला भरावा. पेडणे आणि डिचोली तालुक्यांच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात विचारावे : विमानतळ सुरू झाल्यापासून किती अपघात नोंदले गेले, किती जणांना किती रुपये मिळाले, किती मालकांवर खटले झाले? उत्तर तालुकावार, आकड्यांसह सभागृहात ठेवायला लावा.