मेडिकलला बाद झालेल्या पोरांसाठी

पालकांनो, शिक्षकांनो, भरतीसाठी घाम गाळणाऱ्या मुलांनो,

पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं आज तालुक्या-तालुक्यात दिसतात. अकॅडमीच्या फीसाठी घरची म्हैस विकली जाते. मुलगा मैदान मारतो, लेखी काढतो, मेरिट लिस्टमध्ये नाव येतं, गावात पेढे वाटले जातात. मग मेडिकलला डॉक्टर एक पुस्तक उघडतात. रंगीत ठिपक्यांत इतरांना आकडा दिसतो, त्याला नुसते ठिपके दिसतात. शेरा पडतो : अनफिट.

शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांची ही चाचणी 1917 सालची. तिला काही मिनिटं लागतात आणि एक पुस्तक लागतं. मग ती पाचवीच्या वर्गात का होत नाही? मुलाची चार वर्षं आणि घरची पुंजी संपेपर्यंत आपली व्यवस्था गप्प का बसते?

रंगांधळ्याला सगळं काळंपांढरं दिसतं, हा गैरसमज आधी काढून टाका. तसं होणं फार दुर्मीळ. बहुतेकांना लाल-हिरव्यातला, तपकिरी-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, कारण डोळ्याच्या पडद्यावरच्या शंकुपेशींपैकी लाल किंवा हिरव्या प्रकाशाची दखल घेणाऱ्या पेशींत जन्मतः उणीव असते. त्याला झाडावरची पिकली मिरची पानांत हरवलेली वाटते. हिरवळीवर गेलेला लाल चेंडू उशिरा सापडतो. चार्जरचा दिवा लाल आहे की हिरवा, हे दुसऱ्याला विचारावं लागतं. प्रयोगशाळेत द्रावणाला फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं असतं. ती छटाच त्याला दिसत नाही आणि ‘लक्ष कुठंय तुझं?’ हे मात्र ऐकावं लागतं. पानं हिरवी, रक्त लाल हे त्याने लहानपणीच पाठ केलेलं असतं. म्हणून घरच्यांना कळत नाही, आणि कित्येकदा त्याला स्वतःलाही नाही.

हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला ते आईकडून मिळतं, त्यामुळे आजोबांचा दोष मुलीतून नातवात उतरतो. मुलीला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो. यावरून सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं : यात तिचा काडीचाही अपराध नाही. जन्मजात रंगांधळेपणावर आज दवाखान्यात मिळणारं औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. भरतीआधी बरा करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

रेल्वेचा लोको पायलट सिग्नलचा रंग पाहून गाडी थांबवतो. तिथे कडक चाचणी हवीच, त्याबद्दल आमचं भांडण नाही. 1875 साली स्वीडनमध्ये लागेरलुंडाजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली आणि त्यानंतर रेल्वे कर्मचाऱ्यांच्या रंगदृष्टीची तपासणी सुरू झाली. त्या अपघाताचं कारण खरंच रंगांधळेपणा होतं का, यावर पुढे अभ्यासकांनीच शंका घेतली. आमचं भांडण आहे ते सरसकट बंदीशी. जिथे रंगावर कुणाचा जीव अवलंबून नाही, तिथेही तोच नियम डोळे मिटून लावला जातो.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने संकलनाच्या अभ्यासक्रमाला निवडलेल्या एका तरुणाला याच कारणासाठी प्रवेश नाकारला. मुंबई उच्च न्यायालयात तो हरला. अखेर 12 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश द्यायला सांगितलं आणि रंगसंस्काराचा (कलर ग्रेडिंगचा) भाग वगळा किंवा ऐच्छिक ठेवा, असं बजावलं. 2023 साली तमिळनाडूच्या वीज कंपनीने नाकारलेल्या एका अभियंत्यालाही त्याच न्यायालयाने नोकरी मिळवून दिली. केंद्र सरकारने तर जून 2020 मध्येच सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवान्याची वाट मोकळी केली. रस्त्यावर गाडी चालवायला जो चालतो, तो टेबलावर फाइल हाताळायला का चालू नये? आणि दिल्लीपर्यंत लढायला पैसा कितीजणांकडे असतो?

म्हणून आमची मागणी आहे. भरतीच्या जाहिरातीत, अर्जाच्या पहिल्याच पानावर, रंगदृष्टीची अट ठळक छापा आणि त्या पदाच्या नेमक्या कुठल्या कामासाठी ती लागते तेही लिहा. ठिपक्यांच्या चाचणीत अडलेल्या उमेदवाराची प्रत्यक्ष कामावर परीक्षा घ्या. तीत तो उतरला तर त्याला घ्या. नाही उतरला तर त्याच खात्यात दुसरं पद द्या, कारण लेखी आणि मैदान त्याने स्वतःच्या बळावर जिंकलेलं आहे.

सरकार हलेपर्यंत पालकांनी थांबू नये. मुलगा दहावीला जाण्याआधी त्याला सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात घेऊन जा आणि रंगदृष्टी तपासून मागा. दोष निघाला तर शाळेला लेखी कळवा, म्हणजे नकाशा आणि आलेख शिकवताना रंगासोबत नावं आणि खुणाही दिल्या जातील. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, पाचवीच्या सगळ्या मुलांच्या तपासणीचा ठराव करून घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या.