बाळाला वर्षभर, आईला किती दिवस?

आई गर्द ओढत असेल किंवा अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेली असेल, तर पोटातल्या बाळालाही त्याची सवय लागते. नाळ कापली की हा पुरवठा एकदम तुटतो. एक-दोन दिवसांत, कधी चौथ्या-पाचव्या दिवशी, बाळ थरथरू लागते, किंचाळून रडते, धड पीत नाही, ओकते, जुलाब होतात, क्वचित झटके येतात. मग कोणी दृष्ट काढते, कोणी मीठमोहऱ्या ओवाळते. ही दृष्ट नव्हे, उपचाराने बरा होणारा आजार आहे. प्रश्न आहे तो खर्च कोणी उचलायचा याचा.

अमेरिकेत वेदनाशामक गोळ्यांनी आणि मग हेरॉइनने कामगारांच्या वस्त्या पोखरल्या. तिथे अशा दहा बाळांपैकी साधारण आठ बाळांचा दवाखान्याचा खर्च 'मेडिकेड' ही गरिबांसाठीची १९६५ पासूनची सरकारी योजना उचलते. आई योजनेत असली की बाळ जन्मताच योजनेत, पहिल्या वाढदिवसापर्यंत, वेगळा अर्ज न करता. (एका शिक्क्यासाठी चार खिडक्या फिरलेल्या बापांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.)

आईचे काय? गरोदरपणामुळे मिळालेले तिचे संरक्षण बाळंतपणानंतर ६० दिवसांनी संपत असे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नोंदी सांगतात की नशेचा अतिडोस होण्याचे प्रमाण बाळंतपणानंतर सातव्या ते बाराव्या महिन्यात सर्वाधिक असते. म्हणजे धोका वाढायच्या आधीच योजनेने हात काढून घ्यायचा! २०२१ च्या कायद्याने हे संरक्षण वर्षभर देण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली. इतकी वर्षे का लागली, हे आम्हाला कळत नाही. आईविना बाळाचा उपचार अर्धाच. २०२३ साली २६ रुग्णालयांतल्या अभ्यासात बाळ पिते का, झोपते का, जवळ घेतल्यावर शांत होते का, एवढे पाहून आणि त्याला कुशीत, शांत खोलीत ठेवून उपचार केले. घरी जाण्याजोगे व्हायला बाळांना १५ ऐवजी सरासरी ८ दिवस लागले.

अशा आईला तुरुंगात धाडण्याचे प्रयोगही तिथे झाले. चार्ल्स्टन शहरात १९८९ पासून सरकारी रुग्णालय गरोदर बायकांची लघवी त्यांच्या संमतीशिवाय तपासून अहवाल पोलिसांकडे देत असे. बेड्या पडलेल्या जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय होत्या. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी घटनेविरुद्ध ठरवली. नियम सर्वांसाठी आणि बेड्या ठरावीकांना, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पोलिसांचा धाक असला की बाई दवाखान्याची पायरीच चढत नाही, आणि भोगते ते बाळ.

आपल्याकडे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी रुग्णालयात आजारी बाळावर वर्षभरापर्यंत मोफत उपचार मिळायला हवेत. औषध बाहेरून आणा म्हटले तर या योजनेचे नाव घेऊन विचारा. नशा करणाऱ्या गरोदर बाईने मात्र नशा एकदम तोडू नये, त्याने पोटातल्या बाळाला धोका असतो. डॉक्टर तिच्याऐवजी मोजून औषध देतात. सरकारी ओएसटी केंद्रांत ते मोफत मिळते. सिस्टरना, डॉक्टरांना खरे सांगा, म्हणजे ते बाळाला चार-पाच दिवस नजरेखाली ठेवतील.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने सोसावा, असे सांगितले होते. आज बाळंतीण आणि नवजात बाळासाठीच्या आशाताईंच्या ठरावीक भेटी ४२ व्या दिवसापर्यंत असतात. नशेतून बाहेर पडणाऱ्या आईसाठी त्या वर्षभर चालाव्यात, तिचे व्यसनाचे उपचार बाळाच्या कागदावरच मोफत व्हावेत आणि तिने दवाखान्यात सांगितलेले पोलिसांच्या कानी जाऊ नये, ही आमची मागणी आहे. पुढच्या वस्ती आरोग्य बैठकीत ती लेखी द्या.